बोनेटाखालचा हौद

उमरगा,
१० फेब्रुवारी २०२५

मामा,

तुमच्या पायावर डोकं ठिवते.

कागद बघून घाबरू नका, समदे खुशाल हाव. फोन केला की तुमी आपलंच बोलता आन् ठिवून देता, म्हणून कागद. मागच्या बारीला म्या म्हणलं, नळाला पाणी येईना, तर तुमी म्हणले, "व्हय व्हय, लई ग्वाड आसतंय." आत्याबाई पदर तोंडाला लावून हासत व्हत्या. कानानं साथ सोडली त्येला तुमी तरी काय करताल.

काम आसं हाय. जळकोटच्या इंद्रजित पाटलाची जुनी काळी अँबेसिडर ह्यांच्या गॅरेजला आलीय. त्येंच्या आजोबाच्या टायमाची. पाटलाच्या पोरीचं लगीन हाय आन् नवरी त्याच गाडीत बसवून धाडायची म्हणतेत. ह्यांनी इंजन चैनकप्पीनं उचलून काढलं आन् सोलापूरला शिलिंडरं घासून घ्यायला, बोरिंगला धाडलं. आता बोनेट उघडलं की आत नुसता हौद. कडंला वायरी लोंबायल्यात, बाकी काय न्हाई. हे म्हणले, "इंजन येईपस्तोर तेवढं साफ करून ठिव. भांडी घासतीस तसंच." भांडी कुटं आन् हे कुटं! तेल आन् धूळ मिळून पत्र्यावर भाकरीएवढा थर बसलाय. नखानं निगंना, कशानंच निगंना. तुमी जलमभर ह्याच गाड्या उघडल्या. काय लावू सांगा.

आणिक एक हाय. हे कुणाला वाचून दाखवू नका.

परवा माझी शिवा खेळत खेळत गॅरेजच्या म्होरं गेली. म्या आत पीठ मळायले. एक ट्रक मागं मागं यायला. डायवर हॉर्न देऊन बेजार. पोरगी आपली खाली बसून खडे वेचायली. मान बी वळवली न्हाई मामा. क्लिनरनं उडी मारून उचलली म्हणून वाचली. त्यो म्हणला, "वैनी, हिला ऐकू येत न्हाई का?" म्या म्हणलं, "येतंय की, खेळाच्या नादात हाय."

 दोन वर्साची व्हायली, आजून आई म्हणत न्हाई. आत्याबाई म्हणतेत, माझा बिराप्पा बी ल्हानपणी उशिरानंच बोलला. हे म्हणतेत, माझी बुलेट आली की पळत येती, मंग बहिरी कशी? आंगणवाडीच्या महानंदाताईनं सांगितलंय, सोलापूरला कानाची तपासणी हाय, सरकारी गाडी जाणार हाय, पोरीला ने, उशीर करू नको. मला भ्या वाटतंय. तितं एकदा म्हणले की मंग ते खरंच हुतंय. घरात कुणी न्या बी म्हणंना आन् म्या बी गप हाय.

तुमी येताल का एकदा?

तुमची दैवशाला


सास्तूर,
१६ फेब्रुवारी २०२५

दैवशाले, पोरी,

तुझा कागद दोनदा वाचला. ग्वाड पाण्याचं वाचून एकटाच हासलो. शेजारचा म्हणला आसल, म्हाताऱ्याला काय झालं.

आदी गाडीचं सांगतो. एकदम पाणी मारू नको. पाणी मारलं की त्या थराचा चिक्कट लगदा हुतोय आन् समद्या गाडीला लागतोय. पैलं वायरींची तोंडं प्लास्टिकच्या पिशवीत बांध. मंग चुलीतली राख चाळून त्या थरावर टाक आन् रातभर राहू दे. राख तेल पिती. सकाळी लाकडाच्या पट्टीनं खरवड, लोखंडानं न्हाई, पत्रा दुखतोय. मोठा थर गेला की डिझेल ब्रशनं लाव, फडक्यानं पुस. शेवटाला कढत पाण्यात कपड्याचा सोडा घालून धू. जितं सुटतच न्हाई तितं बाहीरल्या अंगानं चाकावरच्या मडगारवर लाकडी हातोड्यानं हळू ठोक, थर आपला आपण उखलतोय. डिझेलाचा डबा उंचावर ठिव. पाण्याच्या बाटलीत डिझेल वतायची खोड हाय गॅरेजवाल्यांना. घरात लेकरू हाय, ध्यानात आसू दे.

आता पोरीचं. तिला सोलापूरला ने. भ्या वाटतंय तर भीत भीत ने. भेल्याला गाडीत बसू देत न्हाईत आसं काय न्हाई.

मीच आलो आसतो. पर आता रस्ता वलांडायला धीर हुईना. मागनं काय आलं ते कळत न्हाई. एस्टी स्टँडवर एकदा एका पोरानं दंडाला धरून मागं वढलं आन् शिव्या दिल्या. शिव्या काय दिल्या ते कळलं न्हाई म्हणून बरं. तवापसून गावाबाहीर पडलो न्हाई.

तपासणीचं काय झालं ते लिही.

कोंडीराम मामा


उमरगा,
२८ फेब्रुवारी २०२५

मामा, मामा,

आज कागद कसा लिहू, आदी काय सांगू. शिवाला ऐकू येतंय!

समदं सांगते. राखेचं तुमचं लई खरं. रातभर ठिवली, सकाळी पट्टी लावली तर थराच्या खपल्याच्या खपल्या पडायल्या. खाली काळा पत्रा आरशावाणी. आत्याबाई बघाय आल्या आन् म्हणल्या, "माझा तवा कदी आसा घासला न्हाईस." म्हणल्या, पर खूश व्हत्या. डिझेल लावलं, सोड्यानं धुतलं, दोन दिस वाळू दिलं. आता आत कुटं बी हात फिरवा, बोट काळं हुईना.

आन् त्या ट्रकापसून मला एकच फिकीर, काम करताना पोरीला ठिवू कुटं? रस्ता बाजूलाच. मंग डोक्यात आलं. हौद स्वच्छ झालाय, चारी कडंला पत्रा, तिला काय चढून बाहीर पडता येत न्हाई. खाली पोतं आन् त्याच्यावर गोदडी टाकली आन् शिवाला त्यात बसवली. आशी खूश झाली म्हणता! बोनेटाखालनं मुंडकं काढून रस्ता बघत बसती. येणारं जाणारं गिऱ्हाईक म्हणतंय, "बिराप्पा, इंजन लई बारीक बसीवलंस." आत्याबाई म्हणतेत, "पर आवरेज बघा की."

काल चाकाच्या वर एका कोपऱ्यात थर राहिला व्हता. म्या खाली बसून, तिला दिसणार न्हाई आशी, तुमी सांगितलं तसं बाहीरनं लाकडी हातोड्यानं ठोकलं. आन् शिवा खदखदून हासली. म्या उठून बघितलं तर त्याच कोपऱ्याकडं बघायली. परत लपले, परत ठोकलं. परत वळली. दुसऱ्या अंगानं जाऊन ठोकलं, तिकडं वळली! आत्याबाईला हाक मारली, ह्यांना फोन केला. हे म्हणले, "म्या काय म्हणत व्हतो?" आत्याबाईनं मीठमिरची उतरून टाकली आन् शिरा केला.

सोलापूरची गाडी आजच गेली. न्हाई गेले. कशाला जायचं? महानंदाताई दारात येऊन गेल्या, जरा रागातच व्हत्या. म्या त्येंना बी शिरा दिला.

मामा, किती रातीनं म्या झोपले म्हणून सांगू.

तुमची दैवशाला


सास्तूर,
१५ मार्च २०२५

पोरी,

तुझ्या कागदाला जवाब द्यायला उशीर झाला. लिवायला घेतलं की पेन खाली ठिवत व्हतो.

एक सांगतो. राग आला तर येऊ दे.

माझे कान पुरते गेल्यावर बी म्या दोन वर्सं गॅरेज चालवलं. गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हाताऱ्याला इंजनाचा आवाज कसा कळतोय? आवाज कळत नव्हता. म्या मडगारवर हात ठिवायचो. हातोडा मारला की पत्रा समद्या अंगानं थरथरतोय, आन् कुठल्या कोपऱ्यात मारला ते बी तळहाताला कळतंय. तू लिवलंस ते वाचलं आन् मला माझा हात आठवला. शिवा त्या पत्र्यातच बसली व्हती.

बुलेटीचं बी तसंच आसल. तुमच्या घराची भिंत पत्र्याची हाय. बिराप्पा दारात आला की ती भिंत थरथरती. पोरगी भिंतीला टेकून बसती का, बघ.

मला खोटं पाडायचं आसल तर आसं कर. तिला हौदातनं बाहीर काढ. मोकळ्या आंगणात मातीवर गोदडी टाकून बसव, कशाला बी टेकून न्हाई. तुझी सावली बी म्होरं पडू देऊ नको. आन् मागनं परात वाजव, हातात अधांतरी धरून. वळली तर मला कागद लिही, म्या गावभर पेढे वाटतो.

कोंडीराम मामा


उमरगा,
२० मार्च २०२५

मामा,

तुमचे कान गेले म्हणून समद्यांचे गेले आसं नसतंय.

म्या परात वाजवणार न्हाई. माझ्या लेकराची परीक्षा घ्यायला ती काय साळंत हाय का? ती हासली ते म्या डोळ्यानं बघितलंय. घरात पैल्यांदा समदी एका ताटाभवती बसून खायलीत. हे तिला खांद्यावर घेऊन चौकात जायलेत. तुमाला ते बघवंना का?

परत आसं लिहू नका.

दैवशाला


सास्तूर,
२६ मार्च २०२५

दैवशाले,

शिव्या दिल्या तरी आता कागदावर दिल्या, म्हणून कळल्या. बरं वाटलं.

म्या परत त्याच्याबद्दल लिवणार न्हाई. तू मातर कागद बंद करू नको. माझ्याकडं दुसऱ्या कुणाचं बोलणं येत न्हाई.

हौदात खाली फौंडेशनच्या रबरी पॅकिंगा आसतेत, इंजन ज्याच्यावर बसतंय त्या. बिराप्पाला म्हणावं, जुन्याच बसवू नको, नव्या घाल.

मामा


उमरगा,
१९ एप्रिल २०२५

मामा,

तुमच्या पायावर डोकं ठिवते. आन् खरंच ठिवते.

तुमचा कागद आला तवा म्या फाडणार व्हते. "दुसऱ्या कुणाचं बोलणं येत न्हाई" एवढं वाचलं आन् हात थांबला. मला वाटलं, माझी शिवा मोटी हुईल, तिच्याकडं कुणाचं बोलणं येईल? मंग दिसभर कामात ध्यान लागंना. भाजी दोनदा करपली.

दुपारी आत्याबाई झोपल्या व्हत्या. शिवाला आंगणात बसवलं, तुमी सांगितलं तसं. हातात रबरी पाईपाचा तुकडा दिला. परात घेऊन मागं हुबी राहिले. हात उचलंना मामा. एक सांगते, म्या देवाला म्हणलं, आज वळली तर जलमभर काय मागणार न्हाई. मंग डोळे मिटले आन् मारली.

कुत्रं पळालं. झाडावरचे कावळे उडाले. समोरच्या पंक्चरवाल्यानं मान वर केली. शिवा पाईपात बोट घालून बसली व्हती.

परत मारली. परत. आत्याबाई धावत बाहीर आल्या, "आगं कुणाच्या नावानं बडवायलीस? पोरगी भील की!" आन् बोलता बोलताच थांबल्या. शिवा भ्याली नव्हती. आत्याबाईनं माझ्या हातातली परात घेतली, पोरीच्या पार डोक्यामागं जाऊन मारली. मंग परात खाली ठिवली आन् तितंच मातीत बसल्या. मला वाटलं आता म्हणतेल, तुझ्या माहेरचं हाय, तुझा मामा बहिरा हाय. ह्येचंच तर मला लई भ्या व्हतं.  पर त्या म्हणल्या, "ट्रकाच्या वक्तीच कळलं व्हतं गं मला. तू म्हणंनास, मंग म्या कशी म्हणू?"

बघा मामा, एकाच चुलीवर आमी दोघी, आन् दोघी बी गप.

तेवढ्यात शिवा उठली, गाडीच्या बंपरला धरून हुबी राहिली. आत्याबाईला काय झालं काय की, उठल्या आन् मडगारवर फाडकन चापट मारली, "ह्या गाडीनं येडं केलं आमाला!" शिवा बंपर धरून खदखदा हासली आन् त्येंच्याकडं वळली. आत्याबाईनं अजून एक मारली, हळू. ती अजून हासली. मंग आमी दोघी रडत रडत चापट्या मारत बसलो. पंक्चरवाला म्हणला आसल, ह्या घरात आज काय चाललंय.

ह्यांना सांगितलं तर ह्यांनी ताटच सरकवलं. "माझी बुलेट तिला कळती." आत्याबाई म्हणल्या, "उद्या येताना बघ." दुसऱ्या दिशी आत्याबाईनं शिवाला भिंतीपसून उचलून आंगणाच्या मधोमध बसवली, रस्त्याकडं पाठ करून. हे बुलेट घेऊन पार दहा पावलांवर आले. रेस दिली. हॉर्न दिला. शिवा मातीत रेघोट्या वढत व्हती. ह्यांनी बुलेट बंद केली आन् तिच्यावरच बसून राहिले. खाली उतरंनात. शेवटाला म्याच गेले आन् चावी काढून घेतली. हे म्हणले, "ती मला बघून पळत येत न्हाई व्हय?" म्या म्हणलं, "येती की. बघून येती, हातानं वळखून येती. कानानंच कशाला यायला पायजे?" हे शब्द कुटनं आले ते मला बी ठाव न्हाई.

महानंदाताईच्या पाया पडले. त्येंनी दुसरी तारीख काढून दिली. सोलापूरला हे बी आले, पाटलाचा फोन आला तरी उचलला न्हाई. शिवाला औषध देऊन झोपवली, डोक्याला वायरी लावल्या. म्या बाहीर पदराची गाठ सोडायले आन् बांधायले. डॉक्टरीणबाई चांगली व्हती, ती गोल गोल बोलली न्हाई. डाव्या कानात काय न्हाई. उजव्या कानात थोडं हाय. मशिन लावायचं, आन् रोज तिच्याशी तोंड दाखवून बोलायचं, शिकवायचं. आदी आल्या आसत्या तर बरं झालं आसतं, म्हणाली. पर आजून येळ गेली न्हाई, आसं बी म्हणाली. त्या पैल्या गाडीत म्या गेले न्हाई, ते मला टोचतंय. टोचू दे.

तुमाला म्या लई वाईट लिवलं. तुमी पॅकिंगाचं लिवलं. ह्यांनी नव्याच घातल्यात.

दैवशाला


सास्तूर,
२५ एप्रिल २०२५

पोरी,

कागद वाचला. वाचून घराच्या मागं जाऊन बसलो.

टोचणी ठिव, पर तिच्यावर पाणी घालू नको. मशिन आलं की पोरगी दोन दिस काढून फेकती. म्या बी फेकलं व्हतं. माझं आजून टरंकेत पडलंय. तिला फेकू देऊ नको.

इंजन कदी बसायचं ते कळव.

मामा


उमरगा,
६ मे २०२५

मामा,

परवा इंजन बसलं. तुमाला वाटंल म्या गाडीचं सांगाय बसले, पर शिवाचंच सांगते.

टेम्पोतनं इंजन उतरवलं, चैनकप्पीला लटकवलं आन् हौदावर आणलं, तशी शिवानं जो आकांत केला! तिला वाटलं तिचं घर घेतलं. गोदडी धरून बसली, सुटंना. हे बिचारे साखळी हातात धरून हुबे, इंजन वर झुलायलंय. शेवटी आत्याबाईनं तिला उचलली, "आगं बाई, भाडेकरू हाव आपण, मालक आला, निघायला नको?" आन् स्वताच हासल्या.

इंजन जाग्यावर बसलं. सांजच्याला ह्यांनी चावी फिरवली. एकदा न्हाई, दोनदा न्हाई, तिसऱ्या बारीला घेतलं. काळा धूर काढला आन् मंग आसं सरळ चालाय लागलं की पाटील डोळे पुसायले. शिवा आत्याबाईच्या कडंवर रुसून बसली व्हती. म्या तिला घेतली, मडगारजवळ नेली, तिचे दोन्ही हात पत्र्यावर ठिवले.

मामा, तिचं तोंड बघायला तुमी पायजे व्हता. आदी डोळे मोठे केले. मंग गाल टेकवला. हे आत बसले व्हते, ते इंजन चालूच ठिवून खाली उतरले. खिशातनं फडकं काढलं, फाडून दोन्ही कानात कोंबलं आन् दुसऱ्या अंगानं मडगारला गाल लावला. शिवा इकडनं, हे तिकडनं. पाटील म्हणले, "बिराप्पा, काय बिघाड हाय का?" ह्यांना कुटं ऐकू आलं! आत्याबाईच म्हणल्या, "बिघाड न्हाई, तपासायलाय."

गाडी गेली. नवरी जाईल तिच्यात. जागा रिकामी झाली म्हणून शिवाला ह्यांनी जुन्या दाराचा पत्रा भिंतीला ठोकून दिलाय, तिच्या बसायच्या जागी. हाक मारायची आसली की आमी त्याच्यावर दोन थापा मारतो. आत्याबाई तर आता पाय आपटून बी बोलावतेत, फरशीवर. आजवर माझ्यावर रागानं आपटायच्या. मशिन आलंय. फेकती. म्या परत लावते.

म्या तिला सांगितलंय, बोट दाखवून, तुमचा फोटू दाखवून, की आपल्याकडं एक आजोबा येणार हायत आन् त्येंच्या टरंकेत बी आसलंच मशिन हाय. ते लावतील तवाच ही लावून ठिवंल आसं मला वाटतंय. मामा, एकटीला ती कुणाचं बघून लावंल?

हे बुलेट घेऊन सास्तूरला येणार हायत, तुमी मागं बसायचं, रस्ता वलांडायचं काम न्हाई. आयतवारी तयार राहा. मशिन इसरू नका.

आन् आल्यावर दारातनं हाक मारू नका, आमी "आलो" म्हणलेलं तुमाला कळायचं न्हाई. बाहीरनं पत्र्याच्या भिंतीवर दोन थापा मारा.

ती दार उघडंल.

तुमची दैवशाला